पीएच आणि ऑक्सिजन सेन्सरवर शंका आली तर: पोर्टेबल मीटर, बफर, सिम्युलेटर की प्रयोगशाळा?

पॅनेलवर पीएच ८.४ आणि हातातल्या पोर्टेबल मीटरवर ७.९. खरं कोणाचं? बऱ्याच ठिकाणी याचा निकाल दोन मिनिटांत लागतो. पोर्टेबल परवाच कॅलिब्रेट केलाय, म्हणजे तोच बरोबर. ऑनलाइनचं, म्हणजे टाकीत किंवा लाइनवर कायम बसवलेल्या सेन्सरचं, रीडिंग त्याच्याशी जुळवा आणि पुढच्या कामाला लागा. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच खेळ, फक्त आकडे वेगळे.

पोर्टेबल मीटर आपणहून एवढंच सांगतो की दोन आकड्यांत फरक आहे. तो फरक प्रोबच्या टोकाच्या काचेच्या बल्बमुळे पडला, रेफरन्समुळे (प्रोबमधला तुलनेसाठीचा स्थिर इलेक्ट्रोड), केबलमध्ये शिरलेल्या ओलीमुळे, ट्रान्समीटरमुळे (प्रोबचा संकेत वाचून आकडा दाखवणारी आणि पुढे पाठवणारी पेटी), पाण्यामुळे की खुद्द पोर्टेबलमुळे, हे कळायला तोच मीटर जरा वेगळ्या रीतीने वापरावा लागतो. कधी तर तो बाजूला ठेवून दुसरंच साधन हाती घ्यावं लागतं.

ज्यांना मीटर विकत घ्यायचाय किंवा असलेल्या साधनांतून निवड करायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा. एक गोष्ट आधीच पक्की ध्यानात ठेवा, कारण पुढची निम्मी निवड तिच्यावर ठरते: पीएचचा नमुना बहुतेक वेळा बीकरमध्ये काढून बाजूला नेता येतो, विरघळलेल्या ऑक्सिजनचा नेता येत नाही. दोन्ही कामांना एकच मीटर आणि एकच पद्धत लावली की निम्मं काम चुकतं.

आधी पोर्टेबलचीच झडती

तुलना सुरू करण्याआधी दोन्हीकडचं तापमान बघा. पीएच नाही, ऑक्सिजन नाही, फक्त तापमान. दोन अंशांचा फरक दिसला तर तो सुटेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. प्रोब उन्हात तापलेल्या पेटीतून आत्ताच निघाला असेल, तर त्याला पाण्यात बुडवून तापमान स्थिरावू द्या. ऑक्सिजनच्या बाबतीत १ अंशाच्या चुकीने संपृक्ततेचा (पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन मावतो त्याचा) आकडा सुमारे २ टक्क्यांनी हलतो, आणि पडद्याच्या (मेम्ब्रेनच्या) सेन्सरमध्ये खुद्द पडद्याची पारगम्यताही तापमानाबरोबर बदलते, म्हणून तिथे चूक आणखी वाढते.

मग बफर, म्हणजे ठरावीक पीएचचं द्रावण. ७ चा आणि तुमच्या पाण्याच्या बाजूचा दुसरा, ४ किंवा १०. बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो हे विसरलं जातं. १०.०१ चा बफर २० अंशांना १०.०६ च्या आसपास असतो, १० अंशांना १०.१८ च्या. शिवाय हा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खाली उतरतो. तो उघड्या कपात सकाळपासून पडून असेल, तर त्याच्यावर विसंबून कोणालाही दोषी ठरवू नका. वापरलेला बफर बाटलीत परत ओतणं हा तर सगळी बाटली बिघडवण्याचा खात्रीचा मार्ग.

ऑक्सिजनसाठी पोर्टेबलची तपासणी दोन टोकांना करायची. एक टोक पाण्याच्या वाफेने संपृक्त हवा: ओला स्पंज असलेली कॅलिब्रेशनची बाही, आणि प्रोबच्या टोकावर पाण्याचा थेंब नको. दुसरं टोक शून्य: लिटरला साधारण २० ग्रॅम सोडियम सल्फाइटचं ताजं द्रावण. काही मिनिटांत रीडिंग शून्याला टेकायला हवं. ते ०.५ वर अडकलं, तर एरेशन टँकमध्ये (सांडपाण्यात जिवाणूंसाठी हवा सोडायची टाकी) हा मीटर जे सांगेल ते सोडून द्या. तपासणी झाल्यावर प्रोब नीट धुवा, सल्फाइट लागून राहिलं तर पुढची रीडिंग खाली येतात.

पाच मार्ग, शेजारी शेजारी

| मार्ग | कशाचं उत्तर मिळतं | कुठे फसतो |
|---|---|---|
| पोर्टेबल, स्वतःच्या प्रोबसह | फरक खरोखर आहे का | जागा, खोली किंवा तापमान वेगळं असेल तर |
| ऑनलाइनचा प्रोब काढून पोर्टेबलला जोडणं | दोष प्रोबमध्ये की केबल-ट्रान्समीटरमध्ये | जोडणी जुळत नसेल तर |
| ऑनलाइनचा प्रोब बफरमध्ये किंवा हवेत | अख्खी साखळी एकत्र चालते का | टाकीतल्या विजेच्या गडबडी दिसत नाहीत |
| सिम्युलेटर (प्रोबऐवजी जोडून त्याच्यासारखे मिलिव्होल्ट देणारं यंत्र) | केबल आणि ट्रान्समीटर ठीक आहेत का | प्रोबबद्दल काहीच सांगत नाही |
| प्रयोगशाळा | वाद मिटवणारा आकडा | नमुना पोचेपर्यंत बदलतो |

माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत कामाचा. शंकास्पद प्रोब पोर्टेबलला लावा, पोर्टेबलचा प्रोब ट्रान्समीटरला लावा, दोन्ही एकाच बफरमध्ये बुडवा. चूक प्रोबच्या मागोमाग गेली तर प्रोब बदला. ट्रान्समीटरपाशीच राहिली तर प्रोबला उगाच दोष देऊ नका. यासाठी पोर्टेबलला बीएनसीसारखी (पिळून लावायचा गोल कनेक्टर) सुटी जोडणी लागते आणि स्क्रीनवर मिलिव्होल्ट (प्रोबचं मूळ व्होल्टेज) दिसायला लागतात. तापमानाचा सेन्सर दोन्हीकडे वेगळ्या जातीचा असू शकतो, एकीकडे पीटी-१०००, दुसरीकडे एनटीसी; अशा वेळी तापमान हाताने २५ ला बांधा आणि मिलिव्होल्टच वाचा. मिलिव्होल्टला तापमानाची दुरुस्ती लागत नाही.

पेनासारखे स्वस्त मीटर इथे बाद होतात. पाण्याचा अंदाज घ्यायला ते ठीक आहेत, पण त्यांना दुसरा प्रोब लागत नाही आणि बहुतेकांवर मिलिव्होल्ट दिसत नाहीत. बिघाड शोधायचं साधन म्हणून पेन घेऊ नका.

पीएच: मिलिव्होल्ट वाचायला शिका

पीएचचा आकडा हा हिशेब करून आलेला असतो. मूळ वस्तू मिलिव्होल्ट. २५ अंशांना पीएचच्या प्रत्येक एककामागे ५९.१६ मिलिव्होल्ट, ७ च्या बफरमध्ये शून्याच्या आसपास, ४ मध्ये अधिक १७७, १० मध्ये उणे १७७. पाणी २० अंशांचं असेल तर एककामागे ५८.२, शून्य अंशांना ५४.२. हे तीन-चार आकडे मीटरच्या पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवले की पुढचं सगळं सोपं.

सगळ्या बफरमध्ये रीडिंग ७ च्या आसपास, म्हणजे शून्य मिलिव्होल्टला, चिकटून राहत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे. एक तर काच तडकली आहे (तडा केसाइतका बारीक असतो, उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही) किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरली आहे. पोर्टेबल इथे झटकन निकाल देतो: प्रोब केबलपासून सोडवून थेट मीटरला लावा. मीटरवर ४ आणि ७ मधला फरक नीट दिसू लागला तर काच शाबूत आहे, दोष केबलचा.

दोन बफरमधला फरक पुरेसा आहे, १७० मिलिव्होल्टच्या घरात, पण ७ मध्ये शून्याऐवजी उणे ६० दिसतायत? म्हणजे काच उत्तम चालतेय, रेफरन्स बिघडलाय. सल्फाइड असलेल्या पाण्यात चांदीच्या तारेवर काळा थर चढतो आणि शून्य जागचं हलतं. ६० मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ पीएचचं एक अख्खं एकक. हा दोष ऑफसेट (७ च्या बफरमध्ये शून्यापासून झालेलं सरकणं) दुरुस्त करून झाकता येतो, पण आत विष भिनतच राहतं, त्यामुळे झाकलेलं पुन्हा उघडं पडतं. ऑफसेट ३० मिलिव्होल्टच्या पुढे गेला की मी नवा इलेक्ट्रोड मागवून ठेवतो.

उलट ७ मध्ये सगळं आलबेल, पण ४ मध्ये १७७ ऐवजी १४० च, म्हणजे काच थकली किंवा तिच्यावर थर बसलाय. आधी धुऊन बघा. चुनखडीच्या थराला विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, तेलाला भांड्याच्या साबणाचं पाणी, प्रथिनांच्या थराला आम्लातलं पेप्सिन, जंक्शनमधल्या (रेफरन्सला पाण्याशी जोडणारं सच्छिद्र तोंड) चांदीच्या सल्फाइडला थायोयुरिया. काच कापडाने घासू नका. धुतल्यावर इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. डिस्टिल्ड पाण्यात ठेवून बऱ्याच जणांनी चांगले इलेक्ट्रोड घालवलेत. स्लोप (एककामागचे मिलिव्होल्ट, ५९.१६ च्या तुलनेत) ८५ टक्क्यांच्या वर आला नाही तर बदला.

आणि रीडिंग शेवटी बरोबर येतं, पण यायला पाच मिनिटं लावतं? ते जंक्शन तुंबल्याचं किंवा काचेवर पातळ थर असल्याचं लक्षण. थंड पाण्यातही असं होतं, कारण तापमान उतरलं की काचेचा रोध झपाट्याने वाढतो. त्यामुळे हिवाळ्यात मंद झालेला प्रोब लगेच कचऱ्यात टाकू नका.

या सगळ्याच्या आधी ट्रान्समीटर तपासायची एक फुकटची युक्ती आहे. साधा ॲनालॉग प्रोब असेल तर त्याची केबल काढा आणि ट्रान्समीटरच्या बीएनसीचा मधला खिळा आणि बाहेरची कडा वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडा. शून्य मिलिव्होल्ट दिसायला हवेत, आणि ऑफसेट दुरुस्ती फार नसेल तर पीएच ७ च्या जवळ. आकडा नाचत राहिला तर पुढचा तपास तिथेच. पोर्टेबललाही हीच परीक्षा लागू.

एक सापळा मल्टिमीटरचा. हाताशी असतो म्हणून लोक त्यानेच इलेक्ट्रोडचे मिलिव्होल्ट मोजायला जातात. मल्टिमीटरचा इनपुट रोध साधारण १० मेगाओहम, काचेचा १०० मेगाओहम किंवा त्याहून जास्त. म्हणजे खऱ्या व्होल्टेजचा अकरावा हिस्साच दिसणार, आणि चांगला इलेक्ट्रोड मेलेला ठरणार. मल्टिमीटर तापमानाच्या सेन्सरसाठी वापरा, तिथे तो चोख आहे: पीटी-१०० ला २५ अंशांना १०९.७ ओहम, पीटी-१००० ला १०९७.

बादलीत बरोबर, टाकीत चूक

हा प्रकार स्वतंत्र लिहावा इतका छळतो. प्रोब बफरमध्ये अगदी नीट, टाकीत सोडला की अर्ध्या-एका एककाने भरकटतो, आणि मोटर चालू-बंद झाली की उडीही मारतो. इथे नव्या इलेक्ट्रोडवर पैसे जातात आणि प्रश्न तसाच राहतो, कारण दोष ग्राउंड लूपचा असतो. पाण्यातून आणि ट्रान्समीटरच्या अर्थिंगमधून विद्युतप्रवाहाला वाट मिळते आणि तो रेफरन्समधून वाहतो.

बॅटरीवरचा पोर्टेबल इथे बाकी सगळ्यांच्या पुढे आहे, कारण त्याचं जमिनीशी नातंच नाही. टाकीतलं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या, बादली धातूला टेकू देऊ नका आणि ऑनलाइनचा प्रोब तीत बुडवा. रीडिंग बदलून पोर्टेबलशी जुळलं तर ग्राउंड लूप. मग पोर्टेबलचा प्रोब टाकीत ऑनलाइनच्या शेजारी धरा: तो तिथेही तोच आकडा देईल. सिम्युलेटर आणि बफर, दोघांनाही हे दिसत नाही, कारण दोघेही टाकीपासून दूर असतात. मात्र पोर्टेबल चार्जरला लावलेला असताना ही परीक्षा घेऊ नका. वायर लागली की तोही जमिनीशी जोडला गेला.

सिम्युलेटर कधी घ्यावा

लहान प्रकल्पाला नाही. पंधरा-वीस पीएच लूप (प्रोब, केबल आणि ट्रान्समीटरची साखळी) असतील, केबल लांब असतील आणि देखभालीचा माणूस वेगळा असेल, तर घ्या. घेताना १ गिगाओहमचा रोध मध्ये टाकायची सोय असलेला घ्या. नुसते मिलिव्होल्ट देणारा सिम्युलेटर ओलसर केबललाही पास करतो, कारण त्याचा स्वतःचा रोध कमी असतो. १ गिगाओहम मध्ये आला की गळकी केबल लगेच उघडी पडते आणि रीडिंग ७ कडे घसरतं.

प्रोब डिजिटल असेल, मेमोसेन्ससारख्या विद्युतचुंबकीय प्रेरणेने, धातूच्या स्पर्शाशिवाय जोडल्या जाणाऱ्या कनेक्टरचा, तर हा सगळा प्रश्न बदलतो. मिलिव्होल्टचं रूपांतर प्रोबच्या डोक्यातच होतं, कनेक्टरमधली ओल निरुपद्रवी ठरते आणि कॅलिब्रेशनही प्रोबमध्येच साठतं. मग पोर्टेबल निवडताना एकच प्रश्न विचारायचा: तो याच जातीचा डिजिटल प्रोब वाचतो का? वाचत असेल तर दुसरा कुठलाही मीटर बघू नका. प्रोब टाकीतून काढून हातातल्या मीटरवर त्याचा स्लोप, ऑफसेट आणि चाललेले तास थेट वाचता येतात.

एका बिंदूवर जुळवण्याचा मोह

पोर्टेबलचा आकडा ऑनलाइनमध्ये भरायचा, याला कोणी ग्रॅब कॅलिब्रेशन म्हणतं, कोणी प्रोसेस कॅलिब्रेशन. सोय आहे, पण तिने फक्त ऑफसेट सरकतो. समजा इलेक्ट्रोडचा स्लोप घसरून एककामागे ४५ मिलिव्होल्ट झालाय, आणि ट्रान्समीटर ५९ धरून चाललाय. पाणी खरोखर ९ पीएचचं असताना पॅनेल ८.५ दाखवेल. तुम्ही पोर्टेबल बघून ते ९ करता. आता पाणी ७ वर आलं की पॅनेलवर ७.५. पुन्हा जुळवलं की ९ ला पुन्हा चूक. डोसिंग पंप या झोक्याबरोबर आम्ल ओतत राहतो, आणि माणसं म्हणतात पोर्टेबल बेभरवशाचा.

एका बिंदूवर जुळवणं मी फक्त तेव्हा मानतो, जेव्हा त्याच आठवड्यात दोन बफरवर स्लोप तपासलेला असतो आणि प्रक्रियेतला पीएच अरुंद पट्ट्यात राहतो. एरवी ०.२ पर्यंतच्या फरकाला हात लावू नये. दोन मीटर, दोन बफर, दोन तापमानं यांच्या चुका मिळून तेवढा फरक निरोगी साखळीतही पडतो.

पीएचचा नमुनाही जेव्हा नेता येत नाही

दोन अपवाद. पहिला, जवळजवळ शुद्ध पाणी, वाहकता १०० मायक्रोसिमेन्सच्या खाली. असं पाणी उघड्या बीकरमध्ये घेतलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा पीएच ५.६ कडे उतरू लागतो. इथे पोर्टेबलला बंद फ्लो सेल जोडा आणि पाणी वाहतं ठेवा. बीकरमधला आकडा ऑनलाइनविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नका.

दुसरा, गरम पाणी. मीटरची तापमान-दुरुस्ती फक्त इलेक्ट्रोडचा स्लोप सांभाळते. पाण्याचा स्वतःचा पीएच तापमानाबरोबर बदलतो, त्याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तटस्थ पाणी २५ अंशांना ७.०, तेच ६० अंशांना ६.५. त्यामुळे ६० अंशांच्या लाइनवरचा ऑनलाइन आणि प्रयोगशाळेत थंड करून मोजलेला नमुना, दोघंही बरोबर असून जुळणार नाहीत. आधी दोघांनी एकाच तापमानाची भाषा ठरवावी.

ऑक्सिजन: मीटरनेच टाकीत उतरायचं

एरेशन टँकमधल्या गाळात जिवाणू तासाला लिटरमागे ४० मिलिग्रॅम ऑक्सिजन सहज खातात. म्हणजे टाकीत २ मिग्रॅ/लिटर असलेलं पाणी बाटलीत भरून तुम्ही जिना उतरेपर्यंत, तीन मिनिटांत, बाटलीत काहीच उरत नाही. उलट ऑक्सिजन कमी असलेलं स्वच्छ पाणी बादलीत ओतलं की हवा लागून आकडा वर जातो. दोन्हीकडून फसवणूकच.

म्हणून पोर्टेबल डीओ (विरघळलेल्या ऑक्सिजनचा) मीटर घेताना मी स्क्रीनच्या रंगापेक्षा केबलची लांबी आधी बघतो. ऑनलाइनचा प्रोब ज्या खोलीवर आहे, तिथे, हातभर अंतरात, पोर्टेबलचा प्रोब पोचला पाहिजे. डिफ्यूझरच्या बुडबुड्यांच्या थेट वर धरू नका. टोकावर बुडबुडा अडकला की रीडिंग उगाच वर जातं. दोन्ही प्रोब शेजारी धरून काही मिनिटं एकत्र बघा. ब्लोअरचा (हवा सोडणाऱ्या यंत्राचा) वेग बदलला की दोन्ही आकडे एकत्र हलतात का? एक हलतो आणि दुसरा ढिम्म, तर जो ढिम्म आहे त्याच्यावर जैविक थर बसला असण्याची शक्यता मोठी. हा थर स्वतः ऑक्सिजन खातो, त्यामुळे रीडिंग खोटं कमी दिसतं आणि ब्लोअर विनाकारण जोरात पळतो. पुसा आणि पुन्हा बघा. अनेकदा बिघाड तेवढाच असतो.

ऑनलाइनच्या प्रोबची तपासणी मात्र पोर्टेबलशिवायही होते: पुसून, सावलीत, हवेत टांगा. पाणी २५ अंश, समुद्रसपाटी, तर संपृक्तता ८.२६ मिग्रॅ/लिटर, २० अंशांना ९.०९, ३० ला ७.५६. हवेत जवळजवळ हाच आकडा यायला हवा. मी म्हणेन, ऑक्सिजनसाठी हवा हाच सर्वांत विश्वासू बफर: शिळा होत नाही, संपत नाही.

फक्त दाब बरोबर भरा. साधारण ६०० मीटर उंचीवर हवेचा दाब ९४३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि २५ अंशांची संपृक्तता ८.२६ ऐवजी ७.७ होते. हवामानाच्या बातमीतला दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो. तो मीटरमध्ये टाकला तर त्या उंचीवर सात टक्के चूक आपल्याच हाताने झाली. आत दाबमापक असलेला पोर्टेबल घ्या, कटकट मिटते. खारट पाण्यासाठी क्षारतेचा आकडाही दोन्हीकडे सारखाच हवा. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना संपृक्तता ६.७५ च्या आसपास येते, गोड्या पाण्यात ८.२६, एका मीटरमध्ये क्षारता ३५ आणि दुसऱ्यात शून्य असेल, तर दोन्ही प्रोब निरोगी असून भांडण संपणार नाही.

दोन्ही आकड्यांत बरोबर दुपटीचा किंवा निमपटीचा फरक दिसला, तर प्रोबकडे जाऊच नका. ट्रान्समीटर ४ ते २० मिलिॲम्पियरवर ० ते १० पाठवतोय आणि पीएलसी (नियंत्रण करणारा संगणक) ते ० ते २० समजतोय, असं असणार. २ मिग्रॅ/लिटरला ७.२ मिलिॲम्पियर निघतात, पलीकडे ते ४ दिसतात. म्हणून तुलना नेहमी ट्रान्समीटरच्या स्वतःच्या स्क्रीनशी करा, नियंत्रण कक्षातल्या आकड्याशी नंतर.

ऑप्टिकल, पोलरोग्राफिक की गॅल्व्हानिक

लेलँड क्लार्कने १९५६ मध्ये मांडलेला पडद्याचा इलेक्ट्रोड अजून कामात आहे. पोलरोग्राफिक म्हणजे त्याचाच वंश: बाहेरून व्होल्टेज द्यावं लागतं, म्हणून चालू केल्यावर स्थिरावायला वेळ लागतो. टाकीवर धावत जाऊन एक रीडिंग घ्यायचं असेल, तर हा वेळ जीवावर येतो. गॅल्व्हानिक लगेच तयार असतो, पण मीटर बंद असतानाही त्याचा ॲनोड झिजतो. दोघंही मोजताना ऑक्सिजन खातात, त्यामुळे टोकापाशी पाणी वाहतं हवं. संथ पाण्यात प्रोब हलवत राहावा लागतो, न हलवल्यास रीडिंग खाली येतं. हायड्रोजन सल्फाइड दोघांनाही त्रासदायक.

ऑप्टिकलमध्ये निळ्या प्रकाशाने चमकणारा रंगद्रव्याचा थर असतो आणि ऑक्सिजनमुळे ती चमक विझते. ऑक्सिजन खाल्ला जात नाही, पाणी वाहण्याची गरज नाही, स्थिरावण्याची वाट नाही, सल्फाइडची भीती नाही. बदल्यात कॅप (हा थर असलेलं टोपण) ठरावीक काळाने बदलावी लागते, काही सेंद्रिय द्रावकांनी तिचा थर बिघडतो, आणि उघडी उन्हात ठेवली तर रंग उडतो. बिघाड शोधायला मीटर घेत असाल तर ऑप्टिकल घ्या, यात मला फारसा वाद दिसत नाही. पडद्याच्या सेन्सरची बाजू मी दोनच ठिकाणी घेईन: जिथे पाण्यात द्रावक आहेत, आणि जिथे ऑनलाइनचे सेन्सर त्याच बनावटीचे असून पडदे आणि विद्युतद्राव आधीच कपाटात आहेत. ऑनलाइन पडद्याचा असताना हातात ऑप्टिकल असण्याचा आणखी एक फायदा: दोघांच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात, त्यामुळे दोघं जुळले तर ते जुळणं जास्त वजनाचं.

प्रयोगशाळेचा पर्याय म्हणजे विंकलरची पद्धत, १८८८ पासूनची. बाटली जागेवरच बुडबुडा न येऊ देता भरून मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइडने नमुन्यातला ऑक्सिजन बांधून ठेवला, तर नदीच्या, तळ्याच्या किंवा प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तिचा आकडा मानावा. गाळाने भरलेल्या टाकीसाठी ती जिकिरीची आहे, तिथे तिचा हट्ट धरू नका. पोर्टेबल आणि ऑनलाइन दोघंही हवेत बरोबर दाखवतात, पाण्यात मात्र भांडतात, आणि पाणी स्वच्छ आहे, अशा वेळीच विंकलर बोलवावा.

मग घ्यायचं काय

लहान सांडपाणी प्रकल्प, एक-दोन पीएच आणि एक-दोन डीओ लूप: दोन वेगळे मीटर. पीएचचा बीएनसी आणि मिलिव्होल्टवाला, डीओचा ऑप्टिकल, लांब केबलचा, आत दाबमापक असलेला. एकाच पेटीतला मल्टिपॅरामीटर आकर्षक दिसतो, पण बऱ्याच मॉडेलमध्ये सगळे सेन्सर एकाच जाड दांड्यात असतात आणि परक्या प्रोबला जोडायला जागाच नसते. अदलाबदलीची परीक्षा गेली, म्हणजे बिघाड शोधण्याचं अर्धं बळ गेलं.

नदी, तळी, मत्स्यतलाव यांची फिरून मोजणी करणाऱ्यांना मात्र मल्टिपॅरामीटरच सोयीचा. त्यांना ट्रान्समीटरचा दोष शोधायचा नसतो, पाण्याचा आकडा हवा असतो.

फर्मेंटर किंवा औषधनिर्मितीत, जिथे प्रोब निर्जंतुक पात्रात बंद आहे आणि मध्येच काढता येत नाही, तिथे पोर्टेबलचा उपयोग बॅचच्या आधी आणि नंतरच. बॅच चालू असताना पीएचसाठी नमुना काढून लगेच मोजावा, कारण नमुन्यातून कार्बन डायऑक्साइड निसटला की पीएच वर सरकतो. ऑक्सिजनसाठी नमुना काढून उपयोगच नाही. तिथे शेजारच्या पोर्टमधला दुसरा प्रोब हाच खरा साक्षीदार.

आणि ज्यांच्याकडे सगळे प्रोब डिजिटल आहेत, त्यांनी मीटर निवडताना प्रोबच्या उत्पादकाच्या सुसंगततेच्या यादीपासून सुरुवात करावी, दुकानदाराच्या शिफारशीपासून नाही. यादीत नसलेला मीटर कितीही अचूक असला, तरी तो पहिल्या मार्गाच्या पुढे जाणार नाही.